परतीची बस आधी, उतरण नंतर: आल्प्समध्ये एका रिसॉर्टातून दुसऱ्यात जाण्याचा योग्य क्रम

गुलमर्ग किंवा औलीला स्कीइंग शिकून पुढे आल्प्सकडे वळणारे गट आता सातारा, कराड, सांगली या भागांतूनही अधूनमधून निघतात. त्यांचे नियोजन पाहताना एकच चूक पुन्हा पुन्हा दिसते. पिस्ट, म्हणजे खुणा लावून आणि यंत्राने दाबून तयार केलेली उतरण, सोडून मोकळ्या बर्फातून पलीकडच्या गावात कसे उतरायचे हे आधी ठरवले जाते, आणि तिथून मुक्कामी परत कसे यायचे हा प्रश्न पायथ्याशी पोचल्यावर पडतो. पुढील टप्पे हा क्रम उलटा करण्यासाठी लिहिले आहेत. उदाहरणासाठी ऑस्ट्रियातील आर्लबर्ग हा भाग घेतला आहे, कारण लिफ्ट, ऑफ-पिस्ट उतरण आणि बस हे तिन्ही पर्याय तिथे एकाच दिवसात वापरावे लागू शकतात. एक गोष्ट प्रथमच स्पष्ट करणे आवश्यक आहे: लाल दर्जाच्या, म्हणजे मध्यम अवघड, पिस्टवर, खराब बर्फातही, हव्या त्या ठिकाणी थांबता येत नसेल, तर या लेखातील केवळ लिफ्टचा आणि बसचा भाग आपल्यासाठी आहे.

## टप्पा 1: दोन रिसॉर्ट नेमके कशाने जोडलेले आहेत ते शोधणे

माहितीपत्रकातील ‘जोडलेले रिसॉर्ट’ या शब्दांवर विसंबून राहू नये. ही जोड लिफ्टची असू शकते, खुणा असलेल्या पण दाबून न घेतलेल्या स्की-रूटची असू शकते, किंवा निव्वळ बसची असू शकते. आणि तीच जोड उलट दिशेने असेलच असे नाही.

आर्लबर्गमध्ये सांक्ट आन्टोन आणि सांक्ट क्रिस्टोफ ही गावे टिरोल प्रांतात येतात, तर श्टुबेन, त्स्यूर्स, लेख् आणि वार्ट ही गावे फोरार्लबर्ग प्रांतात. सांक्ट आन्टोनच्या बाजूकडून त्स्यूर्सला जाण्यासाठी 2016 च्या डिसेंबरपर्यंत बसच घ्यावी लागत असे. त्या हिवाळ्यात फ्लेक्सेनबान ही लिफ्ट सुरू झाली आणि संपूर्ण भाग लिफ्टने जोडला गेला. त्यापूर्वीची प्रवासवर्णने वाचून आखलेला बेत म्हणूनच कालबाह्य ठरतो. त्स्यूर्सहून माडलोखमार्गे त्सूग आणि पुढे लेख् गाठता येते, परंतु ही वाट स्की-रूट आहे आणि ती एकाच दिशेची आहे. लेख्हून त्स्यूर्सला परतताना र्‍यूफीकोफची केबल कार किंवा बस घ्यावी लागते.

सर्वांत फसवी जोड वार्टची आहे. लेख् आणि वार्ट ही गावे 2013 पासून आउएनफेल्डयेट या लिफ्टने जोडलेली आहेत. नकाशावर दोन्ही गावांमध्ये थोड्या अंतराचा रस्ताही दिसतो, परंतु हिमस्खलनाच्या धोक्यामुळे तो हिवाळ्यात वाहतुकीस बंद असतो. दरडी कोसळून आंबेनळी घाट बंद झाला की महाबळेश्वर आणि पोलादपूर एकमेकांपासून किती दूर जातात, हे सातारकरांना सांगायला नको. इथे ते दरवर्षी, ठरवून घडते. वार्टच्या बाजूला उतरल्यावर परतीची लिफ्ट चुकली, तर डोंगराला वळसा घालून टॅक्सीने यावे लागते, आणि त्या प्रवासाला काही तास व बरेच युरो लागतात.

तपासणी: कागदावर जाण्याची आणि येण्याची जोड स्वतंत्र ओळींत लिहावी. दुसरी ओळ रिकामी राहिली, तर बेत अपुरा आहे.

## टप्पा 2: घड्याळ शेवटाकडून मागे मोजणे

बहुतेक गट सकाळपासून पुढे वेळ मोजतात. योग्य रीत उलटी आहे: शेवटची बस गृहीत धरू नये, शेवटून दुसरी बस धरावी आणि तिथून मागे यावे.

समजा, पायथ्याच्या गावातून शेवटून दुसरी बस 15:30 ला आहे. थांब्यावर 15:00 ला पोचायचे ठरवावे. उतरण संपते तिथून थांब्यापर्यंत सपाटीवर काठ्यांनी ढकलत किंवा स्की खांद्यावर घेऊन चालायला अर्धा तास धरावा. म्हणजे उतरण 14:30 ला संपली पाहिजे. वाटाड्याने उतरणीला दोन तास सांगितले असतील, तर आपल्या गटासाठी त्यात निम्म्याची भर घालून तीन तास धरावेत, कारण मोकळ्या बर्फात एकाची स्की निसटली की सगळे थांबतात. यावरून उतरणीच्या माथ्यावरून निघण्याची अंतिम वेळ 11:30 ठरते. त्या वेळी गट माथ्यावर नसेल, तर ऑफ-पिस्टचा बेत रद्द करून लिफ्टने किंवा पिस्टने परतावे. ही वेळ आदल्या दिवशीच सर्वांच्या संमतीने ठरवावी. माथ्यावर, समोर कोवळा बर्फ दिसत असताना, तिच्यावर चर्चा करू नये. तिथे चर्चेचा निकाल नेहमी एकाच बाजूने लागतो.

बसचे वेळापत्रक पाहताना तळटीपा वाचणे सर्वाधिक महत्त्वाचे आहे. शाळेच्या दिवशी धावणाऱ्या, केवळ शनिवारी धावणाऱ्या आणि हंगामापुरत्या धावणाऱ्या गाड्या एकाच तक्त्यात छापलेल्या असतात. ऑस्ट्रियाच्या रेल्वेचे स्कॉटी हे ॲप दोन्ही प्रांतांतील बस व रेल्वे एकत्र दाखवते, त्यामुळे प्रांताची सीमा ओलांडणाऱ्या प्रवासासाठी ते सोयीचे आहे. युरोपात मार्चच्या अखेरच्या रविवारी घड्याळे एक तास पुढे केली जातात. त्या आठवड्यात जाणाऱ्यांनी फोनवरची वेळ पडताळावी.

इशारा: दोन रिसॉर्टांना जोडणारी लिफ्ट इतर लिफ्टच्या आधी बंद होऊ शकते. तिची वेळ त्या लिफ्टच्या फलकावर वाचावी.

## टप्पा 3: विमा, पास आणि कागदपत्रे

शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, आणि तो काढला की काम झाले असा समज आहे. व्हिसापुरता घेतलेला साधा प्रवासविमा पुष्कळदा हिवाळी खेळ वगळतो, आणि हिवाळी खेळांचा समावेश असलेला विमाही ‘वाटाड्याशिवाय पिस्टबाहेर’ अशी अट घालू शकतो. म्हणून विमा कंपनीकडून तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: पिस्टबाहेरील स्कीइंगला संरक्षण आहे का, शोध व हेलिकॉप्टर-बचावाचा खर्च मिळतो का, आणि त्यासाठी प्रमाणित वाटाड्या बंधनकारक आहे का. ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्ये डोंगरातील बचावाचे बिल प्रवाशाच्या नावावर निघते.

इटलीत उतरणाऱ्यांसाठी वेगळा नियम आहे. 1 जानेवारी 2022 पासून तिथल्या पिस्टवर इतरांना झालेल्या इजेची भरपाई करणारा दायित्व विमा बंधनकारक आहे, आणि हिमस्खलनाचा धोका असलेल्या ठिकाणी पिस्टबाहेर जाताना ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याचा शोध लागावा म्हणून रेडिओ-संकेत पाठवणारे व पकडणारे यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची जोडकाठी) आणि फावडे जवळ असणेही सक्तीचे आहे. स्वित्झर्लंडमधील त्सेरमाटहून इटलीतील चेर्विनियाला जाणाऱ्यांना हा नियम सीमेच्या पलीकडे उतरताच लागू होतो. त्या बाजूच्या लिफ्टसाठी पासही दोन्ही देशांचा लागतो. अशा दिवशी मूळ पासपोर्ट खिशात ठेवावा, आणि युरोपसाठी घेतलेल्या सिमकार्डात स्वित्झर्लंड आहे का हे निघण्यापूर्वी पाहावे. पुष्कळ योजनांत ते नसते.

## टप्पा 4: साताऱ्यातच करावयाचा सराव

शारीरिक तयारीसाठी लोक अजिंक्यताऱ्यावर चढतात आणि गाडीने खाली येतात. स्कीइंगसाठी ते उलटे हवे. मांडीच्या पुढच्या स्नायूंवर खरा ताण उतरताना येतो, म्हणून जरंडेश्वराच्या पायऱ्या पाठीवर ओझे घेऊन सावकाश, गुडघे वाकवून उतरण्याचा सराव निघण्यापूर्वी किमान दोन महिने करावा.

त्याहून मोठी उणीव उपकरणांच्या सरावाची असते. पिस्टबाहेर जाणाऱ्या प्रत्येकाजवळ तीन अँटेनांचा ट्रान्सीव्हर, किमान 240 सेंटिमीटरचा प्रोब आणि धातूचे फावडे असलेच पाहिजे. ‘आमच्या गटात एक आहे’ हे उत्तर निरुपयोगी आहे, कारण ते ज्याच्याजवळ आहे तोच गाडला जाऊ शकतो. पूर्ण गाडल्या गेलेल्या माणसासाठी पहिली 10 मिनिटे सर्वांत मोलाची असतात आणि त्यानंतर जगण्याची शक्यता झपाट्याने घटते. तेवढ्या वेळात कोणतेही बचाव पथक पोचत नाही. शोधायचे आणि उकरायचे ते सोबत्यांनीच.

या सरावाला बर्फ लागत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत ऊस तुटून गेलेल्या रानात पाचटाचे ढीग असतात. त्यांपैकी एकाखाली, पोत्यात गुंडाळून, प्रक्षेपण चालू असलेला एक ट्रान्सीव्हर लपवावा. तो कुठे आहे हे ठाऊक नसलेल्या सदस्याने पुढील क्रमाने शोध घ्यावा:

1. स्वतःचा ट्रान्सीव्हर शोध-स्थितीत न्यावा आणि इतरांनीही तसेच केले आहे याची खात्री करावी. एकाचे यंत्र प्रक्षेपणावर राहिले, तर सगळे त्यालाच शोधत बसतात.
2. संकेत मिळेपर्यंत वेगाने चालावे आणि संकेत मिळाल्यावर बाण दाखवील तिकडे वळावे. वाट सरळ नसून वक्र असते; तिच्याशी वाद घालू नये.
3. अंतराचा आकडा 3 च्या आत आला की वेग कमी करावा, यंत्र जमिनीलगत धरावे, आणि पुढे-मागे व डावी-उजवीकडे नेऊन सर्वांत लहान आकडा शोधावा. या वेळी यंत्र फिरवू नये.
4. त्या बिंदूपासून बाहेरच्या बाजूला, सुमारे 25 सेंटिमीटर अंतराने, गोलाकार प्रोब मारावेत. प्रोब पोत्याला लागला की तो उपसू नये. तोच खोदण्याची खूण असतो.
5. खोदताना प्रोबच्या वरून नव्हे, उताराच्या खालच्या बाजूने आत जावे.

मोबाइल, स्मार्ट घड्याळ आणि तापणारे हातमोजे ट्रान्सीव्हरच्या 457 किलोहर्ट्झच्या संकेतात अडथळा आणतात. प्रक्षेपणावर असताना ही साधने किमान 20 सेंटिमीटर आणि शोधताना किमान 50 सेंटिमीटर दूर ठेवावीत. सरावाच्या वेळी व्हिडिओ काढण्यासाठी खिशातला फोन बाहेर येतोच. तो शोधणाऱ्याजवळ येऊ देऊ नये.

बॅटऱ्या उत्पादकाने सांगितलेल्याच घालाव्यात. अल्कलाइन सांगितले असताना रिचार्ज होणाऱ्या घालणे ही नेहमीची चूक आहे. एअरबॅग (हिमस्खलनात फुगून माणसाला बर्फाच्या वर राहायला मदत करणारी पाठपिशवी) हवी असेल, तर विमानप्रवासातील सिलिंडरची कटकट टाळण्यासाठी ती तिकडे भाड्याने घेणे बरे.

तपासणी: सर्व सदस्य अंधारात, हातमोजे घालून प्रोब जोडू शकतात का? एकालाही जमत नसेल, तर आणखी एक रविवार पाचटात घालवावा.

## टप्पा 5: आदल्या संध्याकाळी

टिरोलचे हिमस्खलन पत्रक रोज संध्याकाळी 17:00 ला प्रसिद्ध होते. सांक्ट आन्टोनहून निघून लेख्-त्स्यूर्सच्या बाजूला उतरणाऱ्यांना ते पुरत नाही, कारण उतरण फोरार्लबर्गमध्ये संपते आणि त्या प्रांताचे पत्रक स्वतंत्र असते. एका दिवसाच्या बेताला दोन पत्रके लागतात, हे आर्लबर्गमध्ये हमखास विसरले जाते.

धोक्याची पातळी 1 ते 5 अशी असते, परंतु केवळ आकडा वाचून थांबू नये. पत्रकात धोका कोणत्या उंचीच्या वर आहे, कोणत्या दिशेच्या उतारांवर आहे, आणि कशामुळे आहे हे दिलेले असते: ताजा बर्फ, वाऱ्याने साचलेला बर्फ, जुना कमकुवत थर, ओला बर्फ किंवा घसरणारा संपूर्ण थर. हे तपशील आपल्या उतरणीच्या नकाशावर पेन्सिलीने उतरवावेत.

कामी येणारी एक जुनी, सोपी मर्यादा स्विस वाटाड्या व्हेर्नर मुंटर यांनी घालून दिली आहे. पातळी 2 असताना 40 अंशांपेक्षा कमी, 3 असताना 35 अंशांपेक्षा कमी आणि 4 असताना 30 अंशांपेक्षा कमी उतारावर राहावे. पातळी 2 ला आपल्या वाटेजवळचा सर्वांत तीव्र भाग मोजावा, 3 ला संपूर्ण उतार मोजावा, आणि 4 ला डोक्यावरचे उतारही मोजावेत. पातळी 5 ला पिस्टबाहेर जाण्याचा विचारच करू नये. 3 हा आकडा पाचाच्या मधोमध येतो म्हणून ‘मध्यम’ समजला जातो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ लक्षणीय धोका असा आहे आणि जीव जाण्याच्या घटना त्याच पातळीला मोठ्या संख्येने घडतात.

उताराचे अंश डोळ्यांनी ठरवू नयेत. स्विस शासनाच्या नकाशावर 30 अंशांपुढील उतार पिवळा, नारिंगी, लाल आणि जांभळा अशा चढत्या रंगांत दिसतो, आणि ऑस्ट्रियासाठीही असे थर असलेले नकाशे मिळतात. जुन्या लेखांत ज्याची शिफारस आढळते ते फॅटमॅप हे नकाशा-ॲप 2024 मध्ये बंद झाले आहे.

फ्लेक्सेन खिंडीच्या रस्त्याची स्थितीही याच वेळी पाहावी. मोठ्या हिमवर्षावात तो रस्ता बंद केला जातो आणि मग लेख् व त्स्यूर्सला येणारी-जाणारी बसच राहत नाही. पातळी 4 चा अंदाज असताना पलीकडे जाणे म्हणजे तिकडे मुक्काम करण्याची तयारी ठेवणे.

## टप्पा 6: सकाळी, लिफ्टच्या दारात

पत्रकात रात्रीतून बदल झाला आहे का ते पाहावे. नंतर ट्रान्सीव्हरची गट-तपासणी करावी: म्होरक्या शोध-स्थितीत उभा राहतो आणि बाकीचे प्रक्षेपणावर, अंतर ठेवून, एकेक करून त्याच्यासमोरून जातात; शेवटी म्होरक्या स्वतःचे यंत्र प्रक्षेपणावर आणून दुसऱ्याकडून तपासून घेतो. हा शेवटचा भाग टाळला जातो, आणि मग दिवसभर म्होरक्याच मूक राहतो.

वालुगा शिखराच्या उत्तर बाजूने पात्सिएल खोऱ्यातून त्स्यूर्सला उतरण्याची इच्छा अनेकांना असते. 2,811 मीटर उंचीच्या या शिखरावर जाणाऱ्या शेवटच्या छोट्या केबल कारमध्ये स्की घेऊन केवळ प्रमाणित वाटाड्याबरोबरच जाऊ दिले जाते. दारात हुज्जत घालून उपयोग नाही, आणि घालूही नये. वाटाड्या पर्वत-वाटाड्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचा प्रमाणित असावा. त्याला गटातील सर्वांत कच्च्या सदस्याची क्षमता खरी सांगावी आणि परतीची बस कोणती धरली आहे हेही सांगावे.

इशारा: बंद म्हणून दोरी लावलेल्या स्की-रूटवर इतरांचे माग दिसले, तरी ते मागच खरे मानून आत जाऊ नये. माग कालचे असू शकतात, किंवा बस नसलेल्या खोऱ्यात जाणारे असू शकतात.

## टप्पा 7: उतरण

30 अंशांहून तीव्र भागात एका वेळी एकानेच उतरावे आणि बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून त्याच्यावर नजर ठेवावी. थांबण्याची जागा उताराच्या मध्यावर किंवा घळीच्या तोंडाशी नसावी. उंचवटा किंवा दांडाचा कणा बरा. मार्चमध्ये ऊन लागणारे उतार दुपारनंतर ओले व जड होतात, त्यामुळे टप्पा 2 मधील 11:30 ही वेळ तेव्हा आणखी अलीकडे आणावी लागते.

झाडीत शिरताना कायद्याचे भान हवे. ऑस्ट्रियाच्या वनकायद्यानुसार लिफ्टपासून 500 मीटरच्या आतील जंगलात केवळ खुणा केलेल्या पिस्ट किंवा रूटवरूनच स्कीने उतरता येते, आणि 3 मीटरपेक्षा कमी उंचीच्या झाडांच्या लागवडीत प्रवेश करण्यास मनाई आहे. वन्यप्राण्यांच्या आश्रयस्थानाच्या पाट्याही पाळाव्यात.

तपासणी: प्रत्येक थांब्यावर घड्याळ पाहावे. निम्मी उतरण होताना निम्म्याहून अधिक वेळ गेला असेल, तर फोटो बंद.

## टप्पा 8: बर्फ संपतो तिथून बसपर्यंत

हा भाग नकाशावर क्षुल्लक वाटतो आणि गटांचा वेळ इथेच जातो. खोऱ्याच्या तळाशी ओढा असतो, पूल एकच असतो, आणि स्कीचे बूट घालून डांबरी रस्त्यावर चालणे कष्टाचे असते. पुलाचे ठिकाण आधीच नकाशावर खुणावून ठेवावे. हिमस्खलन रोखण्यासाठी बांधलेल्या छताच्या रस्त्यातून पायी चालू नये. तिथे गाड्यांना माणूस दिसत नाही.

थांब्यावर आल्यावर दिशा तपासावी. एकाच नावाचे दोन थांबे रस्त्याच्या दोन बाजूंना असतात आणि चुकीच्या बाजूला उभे राहिलेल्यांसमोरून बस निघून जाते. थांब्याबाहेर हात दाखवून गाडी थांबवण्याची सवय इथे उपयोगी नाही. स्की एकमेकींना बांधून उभ्या धराव्यात, प्रोब व फावडे पिशवीत घालावे, आणि बसभाडे पासात आहे का हे त्या मार्गापुरते विचारून घ्यावे, कारण एका थांब्यापर्यंत मोफत असलेली बस पुढच्या थांब्यापासून सशुल्क असू शकते. ट्रान्सीव्हर बसमध्ये बसल्यावर बंद करावा, आधी नाही.

## टप्पा 9: बस चुकली किंवा रस्ता बंद झाला तर

प्रथम लिफ्ट चालू आहे का ते पाहावे. नसेल तर पुढची बस, आणि तीही नसेल तर टॅक्सी. आर्लबर्ग खिंडीचा रस्ता बंद असून श्टुबेनच्या बाजूला अडकलो असल्यास, लांगेन आम आर्लबर्ग या स्थानकापर्यंत जाता येते का पाहावे. तिथून सांक्ट आन्टोनला जाणारी रेल्वे बोगद्यातून जाते, त्यामुळे वरच्या खिंडीतील बर्फाने तिची वाट अडत नाही. फ्लेक्सेनचा रस्ता बंद असेल आणि लिफ्टही थांबल्या असतील, तर लेख् किंवा त्स्यूर्समध्येच खोली शोधावी. म्हणून पाठपिशवीत रोजची औषधे, बँकेचे कार्ड आणि फोनचा चार्जर असावा. दिवस मावळताना, बस चुकली म्हणून पुन्हा वर चढून दुसऱ्या खोऱ्यात उतरण्याचा प्रयत्न कधीही करू नये.

कोणी जखमी किंवा बेपत्ता असल्यास ऑस्ट्रियात डोंगरी बचावासाठी 140, स्वित्झर्लंडमध्ये हवाई बचावासाठी 1414 आणि युरोपात सर्वत्र 112 हे क्रमांक आहेत. जागा, माणसांची संख्या, इजेचे स्वरूप आणि तिथले हवामान एवढे सांगून फोन मोकळा ठेवावा. मुक्कामाच्या हॉटेलात सकाळी बेत सांगून निघाला असाल आणि पलीकडेच राहावे लागले, तर तिथे कळवणे त्याच रात्री करावे. अन्यथा सुरक्षित असलेल्या गटासाठी बचाव पथक बाहेर पडते.